येमूल सरांनी न लिहिलेला लेख

माजी प्राचार्य गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही सगळे स्टाफरूममध्ये उभे राहिलो होतो. डोळे मिटलेले, माना खाली. त्या शांततेत येमूल सरांचा आवाज आला, "कुणी सांगितलं?"

मी दचकून डोळे उघडले.

"ग्रुपवर आलंय, सर," कुणीतरी कुजबुजलं.

"ग्रुपवर कुणी टाकलं? त्याला कुणी सांगितलं?" असं म्हणत सरांनी सरळ प्राचार्यांचाच नंबर लावला. माझ्या अंगावर काटा आला. मेलेल्या माणसाला फोन! आणि त्याहून भयंकर म्हणजे प्राचार्यांनी तो उचलला. ते सात रस्ता चौकात चष्म्याच्या दुकानात होते. गेले होते ते त्यांच्याच आडनावाचे दुसरे कुणीतरी.

येमूल सर आमच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात, मी इतिहास. एम.ए.च्या पोरांचे शोधनिबंध त्यांच्याकडं जातात, आणि पोरं त्यांच्या एकाच प्रश्नाला घाबरतात: "उघडून बघितलं का?" संदर्भ म्हणून कुणी नुसतं 'गूगल' लिहिलं की सर कागद खाली ठेवतात.

"गूगल पोस्टमन हाय रे. पत्राखाली पोस्टमनची सही असती का? लिहिणाऱ्याचं नाव सांग. लेखाचं नाव, कुठल्या साईटवर, कधी आला, लिंक, आणि तू बघितलास ती तारीख. उद्या ते पानच उडालं तर काय करशील?"

मग प्रत्येक लिंक ते स्वतः उघडतात. एकदा एका पोराची लिंक साड्यांच्या सेलवर गेली. सरांनी तो सेल शेवटपर्यंत वाचला आणि शेरा मारला, 'मुद्द्याला आधार मिळत नाही.'

असा हा माणूस गेल्या वर्षी एका दुपारी माझ्यासमोर येऊन बसला. चेहरा पांढराफटक. हातात स्वाती नावाच्या विद्यार्थिनीचा निबंध होता, यंत्रमाग कामगारांवरचा. संदर्भांच्या यादीतल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. लेखाचं नाव होतं 'यंत्रमाग कामगारांची हातांची भाषा'. पुढं नियतकालिक, साल, लिंक, सगळं सरांच्या शिस्तीत. आणि लेखक म्हणून खुद्द येमूल सर.

"मॅडम, हे मी लिहिलंय व्हय?"

"तुम्हालाच माहीत असणार ना, सर?"

"लिंक उघडत न्हाय. कॉम्प्युटर बघितला, कपाट उपसलं. कुटंच न्हाय. पण नाव माझंच हाय की!"

स्वतःनं काय लिहिलं याचाही पुरावा शोधत हा गृहस्थ सकाळपासून हिंडत होता! मी हबकून गेले. स्वातीला बोलावलं. ती मोहोळकडची, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. दारातच रडायला लागली.

"सर, मी लबाडी न्हाय केली वो. माझा मामा एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर हाय. तितं खडखडाट इतका की माणसं हातानंच बोलत्यात. ते लिवलं, पण त्याला आधार पायजे होता. मोबाईलवर एआयला विचारलं, आपल्या कॉलेजचं नाव टाकून. त्यानं तुमचं नाव दिलं. मला लई आनंद झाला."

"उघडून बघितलं का?"

"न्हाय, सर. तुमचंच नाव म्हणून…"

म्हणजे यंत्रानं बेधडक एक लेख रचून सरांच्या नावावर टाकला होता. आता निबंध भिरकावला जाणार असंच मला वाटलं. सर मात्र हळू आवाजात म्हणाले, "हे तुला कळलं कुणाकडून?"

"मामाकडनं."

"मग मामाचं नाव लिही की. प्रत्यक्ष मुलाखत, गाव, तारीख. तोच संदर्भ. ही ओळ खोड."

ती गेली. सर खिडकीकडं बघत बोलू लागले.

"माझे वडील जन्मभर मागावर होते. त्यात कान गेले. घरात आमी दोघंच, हातानंच बोलायचो. आमी तेलुगू, त्यांच्या शेजारच्या मागावरचा कानडी, पलीकडचा मराठी. हातांची भाषा एकच. त्यावर लिहायचं लई वेळा मनात आलं. पण छापलेली एक ओळ मिळंना. आधाराशिवाय लिहायचं कसं? मी लायब्रऱ्या पालथ्या घालत होतो, मॅडम, आणि वडील घरात जेवायला थांबलेले असायचे. आता ते न्हाईत."

या माणसाला वडील होते, हेही मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात स्वाती मामाच्या मुलाखतीला निघाली तेव्हा सर तिच्याबरोबर गेले, आणि मलाही ओढून नेलं. अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि माझे कानच बधिर झाले. मामा म्हणजे पिकल्या केसांचा, वाळका माणूस. त्यानं सरांकडं बघून हनुवटी उचलली, दोन बोटं फिरवली. स्वाती माझ्या कानात ओरडली, "मामा विचारतोय, हे कुणाचे? वडील कोण?"

आणि सरांचे हात हलले. वर्गात खडूशिवाय काही न उचलणारे ते हात सराईतपणे हवेत फिरले. शेवटी त्यांनी एकाच बाजूच्या मिशीला पीळ दिल्यासारखं केलं आणि खांद्यावर टिचकी मारली.

"हे वडलांचं नाव हाय, मॅडम," स्वाती ओरडली. "हितं प्रत्येकाला हाताचं नाव असतंय."

नाव ओळखून मामा बघतच राहिला. मग त्यानं आपला माग बंद केला, वळसा घालून आला आणि सरांचे दोन्ही हात स्वतःच्या हातांत घट्ट धरले.

हात सुटेपर्यंत सरांना काहीच बोलता आलं नाही.