सापांची वही

न्हावऱ्याच्या पोपटरावांना पन्नास वर्षांत सापाची भीती वाटली नव्हती, कारण त्यांनी साप कधी मोजले नव्हते. बांधावरच्या बाभळीवर सापमार गरुडानं घरटं केलं आणि हे सुख संपलं. वनखात्याच्या अनुपमा मॅडम त्यांना एक वही देऊन गेल्या. पिल्लाला रोज काय खायला येतं, तेवढं लिहायचं. पोपटराव कामाला चोख. खुर्ची टाकून बसले.

गरुड यायचा तो चोचीतून सापाची शेपटी लोंबकळवत. आणि साप उचलायचा कुठून? पोपटरावांच्याच रानातून! महिन्यात एकोणचाळीस. जिथं ते जन्मभर अनवाणी पाणी देत हिंडले, तिथं आता लघवीलासुद्धा काठी घेऊन जायला लागले.

बरं, माणसानं भ्यावं तर गुपचूप भ्यावं की नाही? यांनी डेअरीवर दूध घालताना सगळी वही वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी कांदा काढणाऱ्या बायकांची टोळी आलीच नाही. टोळीची म्होरकी रंगुबाई, तिनं सापाचं नावही न घेता निरोप धाडला, लांबडी सरल्याशिवाय रानात पाय ठेवणार नाही. कांद्याची पात आडवी झालेली, वर रोज आभाळ भरून यायचं. एक पाऊस पडला असता तर सगळा कांदा जमिनीतच सडला असता.

"मॅडमनी लिव्हायला सांगितलं हुतं, वाचायला न्हाई," बायको रतनबाई म्हणाल्या.

आठवड्यात पिल्लू उडालं, मागोमाग गरुडही गेला. वहीची पानं कोरी राहायला लागली. रतनबाईंनी ती कोरी पानं रंगुबाईला नेऊन दाखवली. चार दिवसांत एकही साप नाही, म्हणजे गरुडानं सगळे संपवले. बायकांना पटलं. दुसऱ्या सकाळी टोळी हजर.

पोपटराव मात्र पांढरेफटक पडले. खाणाराच गेला, मग साप वहीत येणार कुठून? ते रानातच होते, आणि आता निवांत होते. खरं सांगावं तर कांदा गेला. न सांगावं तर कुणाचा तरी पाय पडायचा. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की पाय वाजला की साप बाजूला सरकतो. त्यांनी पोराचे कंपनीतले बूट चढवले, देवाचं नाव घेतलं आणि बायकांच्या पुढं वाफ्यात उतरून दणादणा पाय आपटत निघाले. घाम डोळ्यांत उतरत होता, पण थांबायची सोय नव्हती.

"मावशे, मालक नाचत्यात व्हय?" एकीनं विचारलं.

"नाचू दे गं," रंगुबाई कांदा उपटत म्हणाली, "त्यांचं भ्या गेलं एकदाचं."