कोरड्या डोळ्यांचा कायदा

माझे सासरे गेले तेव्हा मी रडलो, तो आमच्या शेजाऱ्याच्या धाकाने. सासरे नव्वदीला टेकलेले, साखरेने पोखरलेले. त्यांच्या जाण्यात गूढ काही नव्हतं. पण दारावर बसायला आलेल्या मंडळींत हे शेजारी, दगानाना, होते आणि ते एकेकाचे डोळे तपासत होते. नजर माझ्यावर थांबली तसा मी रुमाल तोंडाला लावून हुंदका काढला. नाना पुढच्या माणसाकडे वळले.

मयताच्या घरी जाऊन बसण्याला आमच्या खानदेशात दारावर जाणं म्हणतात. धुळ्याच्या आमच्या देवपुरात दार कुणाचंही असो, नाना हजर. ओळखपाळख लागतेच असं नाही. गुन्हे शाखेत शिपाई म्हणून शिरलेला हा माणूस फौजदार होऊन निवृत्त झाला. जळगाव-धुळ्याकडचे कितीतरी खून त्यांनी उघडकीला आणले. ब्रीद एकच, "ज्याचा डोळा कोरडा, त्याचा हात ओला."

हे ब्रीद त्यांना पाचोरा गावाने दिलं. तिथे एका व्यापाऱ्याचा खून झाला. त्याचा भागीदार दारावर कोरड्या डोळ्यांनी बसला होता आणि दुकान कधी उघडायचं ते विचारत होता. नानांनी त्याला उचलला, तर संध्याकाळच्या आत त्याने कोयता काढून दिला. झालं. त्या दिवसापासून नानांना पुरावा नको, पंच नको; डोळे पुरे. आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या तेव्हाही त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बसवून डोळे पाहिले. एकही मोटार सापडली नाही, पण दोन बिऱ्हाडांचं बोलणं बंद झालं ते अजून बंद आहे.

त्यांच्या पुढच्या खोलीत एक प्रशस्तिपत्र टांगलेलं. ते सुपडूच्या खटल्याचं. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात सुपडूच्या थोरल्या भावाचा खून झाला. दारावर चुलतभाऊ छाती बडवून रडत होता, नानांना चहाही तोच देत होता. सख्खा भाऊ सुपडू मात्र भिंतीकडे बघत गप्प. नानांनी सुपडूला उचललं. वरून शाबासकी आली, फोटो छापून आला. काही वर्षांनी दुसऱ्या एका अधिकाऱ्याने चुलतभावाला पकडलं. सुपडू सुटला, पण तोवर त्याची आई मेली होती. शाबासकी परत न्यायला कोणी आलं नाही.

"काढा ना ते," नानांची बायको, आमच्या अक्का, म्हणायच्या.

"काढलं तर भिंतीवर डाग दिसेल," नाना म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. मूलबाळ नाही. नाना पुढच्या खोलीत ताठ बसलेले, डोळे ठणठणीत कोरडे. कॉलनी आली. ज्यांना ज्यांना नानांनी रडायला लावलं होतं ते सगळे आले, आणि टक लावून नानांचे डोळे पाहू लागले. एकाने हळूच ब्रीद म्हटलं, "ज्याचा डोळा कोरडा..." तिघे-चौघे तोंडावर हात धरून हसले. त्यांत मी नव्हतो एवढंच. पण मीही पाहत होतोच. मला आमच्या माणसांची शिसारी आली.

मयताच्या घरी चूल पेटत नाही; तिथला पहिला घास, कडू घास, आणायचा तो सोयऱ्यांनी. इथे सोयरे कोण? उन्हं कलली तसे लोक उठून गेले. तेवढ्यात एक पिकल्या मिशांचा माणूस डबा घेऊन दारात उभा राहिला. नानांनी ओळखलं आणि ते अर्धवट उठले. तो सुपडू होता.

"बठा नाना," म्हणत तो शेजारीच बसला. माझ्याकडे वळून म्हणाला, "मी जेलमा व्हतू. मना मायना दारवर नाना बठेल व्हतात. रोज."

सुपडूची आई गेली तेव्हा नाना तिच्या दारावर जात होते, हे मला ठाऊक नव्हतं. सुपडूच सांगत होता, गावाला वाटलं होतं, फौजदार आणखी कुणाला उचलायला आलाय. म्हणून नानांच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं.

नानांनी विचारलं, "सुपडू, त्या दिन तू काबर रडना नही?"

"भाऊ व्हता मना. रडूच उनं नही," सुपडू म्हणाला. "तुम्ही तरी कोठे रडी राहिनात?"

त्याने डबा उघडला. पिठलं-भाकरी होती. नानांनी घास घेतला, तो हातातच ठेवला आणि मला म्हणाले, "मास्तर, ते उतरवा."

मी खुर्चीवर चढून प्रशस्तिपत्र उतरवलं. भिंतीवर खरंच डाग होता. नाना त्याकडे बघत राहिले.

"ती व्हती तवय काढं नही मी," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडू लागले.

डोळे पाहायला आलेली कॉलनी केव्हाच घरी गेली होती. सुपडूने मान दुसरीकडे वळवली. मग मीही वळवली.