लिथ फिल्मवरच्या आत्याबाई

कांताबाईंना आपल्यामागे भिंतीवर लावायचा फोटो हवा होता, आणि तो त्यांना स्वतः पसंत करून जायचं होतं. जायचं म्हणजे तूर्त भाचीच्या घरून दुपारी चारच्या गाडीने तुमसरला.

त्यांचे यजमान नरहरी बावीस वर्षांपासून तुमसरच्या बैठकीत काळ्यापांढऱ्या फोटोत बसलेले होते. त्यांच्या शेजारी दुसरा खिळाही ठोकून तयार होता. "त्यायच्याजवळ माझा रंगीत फोटो लावला, त लोक म्हनतीन नरहरीनं दुसरी केली," असं कांताबाईंचं म्हणणं.

भाचीची हिंदी मुलखात वाढलेली मुलगी गंधाली हिने मोबाइलवर काळापांढरा फोटो काढून दाखवला. मोबाइलने सुरकुत्या पुसल्या होत्या आणि हनुवटीवरची चामखीळही खाऊन टाकली होती.

"हे कोन बाई हाय?" कांताबाई म्हणाल्या.

"आजी, आप ही हो. फिल्टर है."

"चामखीळ कुठं गेली? यायनं मले वर गेल्यावर ओळखलं पायजे ना बाप्पा."

तेव्हा भाचीजावई रामकृष्ण यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मी काढतो. फिल्मवर."

स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोच्या, मंजिरीच्या, हातातलं लाटणं थांबलं. रामकृष्णांची सासरी एकच ख्याती होती. मेहुण्याच्या लग्नात त्यांनी एक्केचाळीस फोटो काढले होते आणि कॅमेऱ्यात रोल नव्हता. त्याला सव्वीस वर्षं झाली, पण तुमसरला अजून कुठेही कॅमेरा निघाला की पहिला प्रश्न येई, "रोल हाय ना?" हा डाग धुवायला माणसाला दुसरी संधी सहसा मिळत नाही.

रामकृष्णांची सगळी नोकरी तात्यापारा भागातल्या एका छापखान्यात, छापायच्या पानांचे फोटो घेणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यावर झाली. छापखान्याचं सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा त्यांनी लिथ फिल्मची एक पेटी घरी आणली. ही फिल्म अक्षरांसाठी असते, चेहऱ्यांसाठी नसते. तिला काळं कळतं, पांढरं कळतं, मधलं काही कळत नाही. शिवाय ती लाल रंगाला आंधळी. लाल दिव्यात उघडी ठेवली तरी तिचं काही बिघडत नाही, पण लाल वस्तू फोटोत काळीठिक्कर येते. डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या औषधात, खूप पाणी घातलं तर तिच्यातून थोडा करडा रंग निघतो, असं कळल्यापासून रामकृष्ण दोन महिने बाथरूममध्ये प्रयोग करत होते. आतापर्यंत त्यांना जमलेला सर्वांत चांगला फोटो पत्नीचा होता. त्यात ती मतपत्रिकेवरच्या निशाणीसारखी दिसत होती.

"आत्याच्या जिवावर प्रयोग करू नका," मंजिरी हळूच म्हणाली.

"प्रयोग झाले. आता काम आहे," रामकृष्ण म्हणाले.

मे महिन्याचं ऊन. चौबे कॉलोनीतल्या घराच्या अंगणात सकाळी दहालाच लाद्या तापल्या होत्या. फिल्म इतकी मंद, की कांताबाईंना सहा सेकंद न हलता बसावं लागणार होतं. उन्हाने चेहरा लाल झाला तर फोटोत तो काळा येईल, या भीतीने रामकृष्णांनी त्यांना फ्रिजमधलं पन्हं प्यायला लावलं. एक पेला, दुसरा पेला, मग खात्री म्हणून तिसरा.

"बस झालं जावईबापू, मी काय टाकी हाओ काय?"

"चेहरा थंड पाहिजे, आत्याबाई."

सहा सेकंद कांताबाई श्वास रोखून बसल्या. उठताना त्यांनी बजावलं, "मी पुन्हा नाई बसनार उनात. जे आलं ते आलं."

सव्वाअकराला रामकृष्ण बाथरूममध्ये शिरले. त्या घरात संडास-बाथरूम एकच होतं. खिडकीला काळा कागद, वर लाल बल्ब, आणि पाटावर तीन थाळ्या. पहिलीत डेव्हलपर, दुसरीत तो थांबवणारं व्हिनेगरचं पाणी, तिसरीत चित्र पक्कं करणारा हायपो. गच्चीवरच्या टाकीतून नळाला चहाइतकं गरम पाणी येत होतं, म्हणून सगळा बर्फ पहिल्या थाळीभोवती लावला होता. फिल्म आत सोडली. एक मिनिट झालं, आणि दारावर थाप पडली.

"जावईबापू."

"चार मिनिटं, आत्याबाई."

"चार नाई होत."

"उजेड आत आला तर फोटो जाईल. तुमचाच चेहरा आहे आत."

"चेहऱ्याचं राहू द्या. तीन पेले हायेत आत."

वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांचं बाथरूम होतं, पण कांताबाईंचे गुडघे जिना चढत नव्हते. रामकृष्णांनी मंजिरीला हाक मारली. खिडक्या लावल्या गेल्या, आणि दारासमोर मायलेकींनी जाड गोधडी अंतरपाटासारखी धरली. त्या काळोखात जावई बाहेर आला, आत्याबाई आत गेल्या, कडी लागली. रामकृष्णांनी स्वतः गोधडी दाराच्या फटीवर दाबून धरली.

"आत्याबाई, पहिली थाळी हलवत राहा. थांबली तर डाग पडतात."

"एका टायमाले एकच काम होते माझ्यानं."

रामकृष्ण आकडे मोजू लागले. फ्लशचा आवाज आला आणि पाण्याचा शिंतोडा थाळीत उडाला असेल असं वाटून त्यांचे चार आकडे चुकले.

"हलवून राहिली मी आता," आतून आवाज आला. "हे काय, मी त काळी येऊन राहिली."

"ते उलटंच दिसतं. पाच मिनिटं झाली. आता उचला आणि दुसऱ्या थाळीत टाका."

"थांबा."

"थांबू नका. जास्त झालं की सगळं काळं होतं."

"अजून चामखीळ नाई आली."

"आत्याबाई, मी दोन महिने..."

"तुमी गप राहा. चामखीळ माही हाय, मले ठाऊक कुठं हाय ते."

आणखी पन्नास सेकंद गेले. रामकृष्णांनी गोधडीवर कपाळ टेकलं. त्यांना रोलविना गेलेले एक्केचाळीस फोटो डोळ्यांपुढे दिसू लागले आणि हा बेचाळिसावा.

"आली," कांताबाई म्हणाल्या. मग छपछप झाली. "हे लोनच्याच्या वासाचं झालं. आता तिसरी ना?"

"हो. तिथे पाच मिनिटं."

पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या. ओली फिल्म त्यांनी पापड धरावा तशी दोन बोटांत धरली होती. गंधालीने ती खिडकीच्या काचेला लावली, मोबाइलने टिपली आणि रंग उलटे केले. पांढरे केस, लुगड्याचा काठ, एकेक सुरकुती, तिच्यातला करडा न् करडा, आणि हनुवटीवर ती चामखीळ. दोन महिन्यांत रामकृष्णांना असं एकदाही जमलं नव्हतं.

"हे मी हाओ," कांताबाई म्हणाल्या. "यायच्याजवळ शोभीन."

रामकृष्णांना हायसं वाटलं. तुमसरला आता कॅमेरा निघाला की प्रश्न वेगळा येईल, असं त्यांच्या मनात येत होतं, तोवर कांताबाईंनी गंधालीच्या मोबाइलवरून सुनेला फोन लावलाही होता.

"प्रेमला, फोटो झाला. लय साजरा आला. मीच धुतला, न्हानीत बसून. जावई म्हने काढा काढा, मी त्यायचं आयकलं असतं त गेला असता पुरा... ते? ते नाई, ते बाहेर होते, चादर धरून."

पलीकडून बराच वेळ काही बोलणं झालं. कांताबाई हूं हूं करत राहिल्या, मग त्यांनी मोबाइलवर हात ठेवून रामकृष्णांकडे पाहिलं.

"प्रेमलाच्या आईबापाचाबी काढाचा हाय म्हनते. दिवाईत घेऊन येतो मी त्यायले. फोटो मी धुतो, चादर धराले तुमी घरीच असान ना?"