गवळणमाळ हिरवा झाल्याची हकीकत

श्री. माती थोरली, राज्य धाकटे. म्हणोन आधी मातीस नमस्कार. शके एकोणीसशे पंचेचाळीस. एका कोरड्या मुलुखात पाऊस नावाला पडे आणि जमीन दरसाल नासत चालली, तेव्हा दरबाराने विचार केला की पायी हिंडोन पाहावे तर चाकरांच्या वहाणा झिजतात. मग आकाशात उपग्रह सोडिला, तो वरोन झाडापाल्याची छबी धाडी, आणि नकाशावर हिरवी दिसेल ती जमीन नांदती, तांबडी दिसेल ती नासली, ऐसा कायदा जाहला. नकाशाचे काम त्र्यंबकपंतांकडे होते.

त्या राज्यात गवळणमाळ म्हणोन धनगरांचे कुरण होते. त्यात वेडी बाभूळ माजली आणि गवत बुडाले, आणि मेंढ्या काट्यांत लोकर सोडोन उपाशीच परतू लागल्या, आणि नकाशावर माळ हिरवागार! पंतांनी अर्ज केला की हा हिरवा रंग काट्यांचा आहे. दिवाणजी हसोन बोलिले, "पंत, नकाशात काटा दाखवा बरे!" आकाशातोन काटा कोठोन दिसावा? मग पंत त्राग्याने स्वतः माळावर गेले आणि धनगरांची पुढारीण धुळाबाई, तीस म्हणाले, "बाई, बाभूळ मुळासकट काढा. दरबारास जाब मी देईन." ती बोलली, "जाब द्याल वो, मेंढरांना काय द्याल?" "पावसाळ्यात गवत येईल." "न्हाई आलं तर तुमास्नीच घालीन त्यांच्यापुढं."

मग धनगरांनी कुऱ्हाडी-कुदळी घेतल्या, हात रक्ताळले, आणि माळ मोकळा जाहला. मोकळा जाहला तोच उपग्रह डोईवरोन गेला आणि नकाशावर माळ तांबडा! दरबारात एकच कल्लोळ जाहला. हुकूम सुटला की धनगरांनी जमीन नासविली, सबब माळ जप्त करावा, भोवती तार ओढावी, आणि विमानातोन वेड्या बाभळीचेच बी फेकावे. पंत हुजूर गेले आणि हात जोडोन बोलिले, "महाराज, बाभूळ मीच काढविली. एक पावसाळा थांबावे." महाराज बोलिले, "पंत, आम्ही रंग पाहतो. ऋतू पाहणे आमच्या खात्याकडे नाही."

पुढे पाऊस जाहला. विमानाचे बी वाऱ्याने उडोन शेजारच्या तळ्यात पडले आणि कुजले, आणि माळावर मारवेल गवत गुडघाभर आले, आणि नकाशा हिरवा जाहला. दरबाराने साखर वाटली की विमानाने जमीन सुधारली, आणि माळाच्या फाटकापाशी मांडव घालोन, त्याच गवताचा जाडजूड हार गुंफोन, तो नकाशावाले पंत यांच्या गळ्यात घातला. तार मात्र निघेना. मेंढ्यांनी हिरवळ खाल्ली तर नकाशा बिघडेल, म्हणोन फाटकावर चौकी बसविली.

मांडव उठला तेव्हा धुळाबाई मेंढ्या घेवोन तारेपाशी उभी होती. मेंढ्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. ती बोलली, "आलं की वो पंत गवत, तुमचा शबुद खरा झाला! आता ह्यास्नी एवढं सांगा, बघून पोट भरा म्हणावं." मग पंतांनी गळ्यातला हार उतरविला आणि पुढल्या मेंढीपुढे धरिला, आणि तिने तो दोऱ्यासकट फस्त केला, आणि मागल्या मेंढ्या पंतांचा मोकळा गळा हुंगू लागल्या.

सारांश, जमीन सुधारली, दरबार संतोषला, आणि गवळणमाळाच्या गवतापैकी मेंढीच्या पोटात गेला तो एवढा हार. घडले तैसे लिहिले.