पुढची सीट

बहारीनमध्ये राहणाऱ्या माणसाची रजा मंजूर झाली की ती त्याची एकट्याची राहत नाही. त्याच्या बॅगेवर पहिला हक्क ओळखीच्यांचा, दुसरा ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचा. उरलेल्या जागेत त्याने स्वतःचे कपडे ठेवायला कुणाची हरकत नसते. हा नियम कुठे छापलेला नाही, म्हणूनच आजवर कुणी मोडलेला नाही.

मुहर्रकचा सिराज विमानतळावर मालवाहतूक खात्यात क्लार्क होता. लोकांचं सामान विमानात चढवण्याचा त्याला पगार मिळे. रजेत रत्नागिरीला जाताना तेच काम तो फुकट करी. त्या वर्षी मात्र त्याने दार लावून घेतलं आणि बायकोला, तय्यबाला, हळूच सांगितलं, "या टायमाला गावाला जायचं नाय. युरोप! भाड्याची गाडी घेऊ, मी चालवीन. तिथं आपल्या ओळखीचं कुत्रंपण नाय."

तय्यबाची एकच अट होती. "मी पुढं बसणार."

अट साधी दिसते, पण तिला इतिहास होता. लग्न झाल्यापासून सिराजच्या गाडीत पुढच्या सीटवर सासूबाई बसल्या, दीर बसले, दिरांचे साहेब बसले, एकदा तर गॅसचा सिलिंडर बसला. तय्यबाने अख्खं बहारीन नवऱ्याच्या मानेमागून पाहिलं होतं.

"बस ना. तुला अडवतंय कोण?" सिराज म्हणाला.

तिकिटं काढणाऱ्या नजीबने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त बायकोला सांगितली. दुसऱ्या दिवशी मआमीरहून शरीफुन्निसा खाला लोणच्याची बरणी घेऊन हजर.

"काय गो तय्यबा, आमची भाची रशीदा फ्रँकफर्टला नाय का? जरासंच हाय. अमानत म्हणून ने."

अमानत म्हटलं की विषय संपला. भरवशाने सोपवलेल्या वस्तूला नाही म्हणता येत नाही. बरणीमागून मिलानच्या कुणा झुबेरसाठी सुका जवळा आला. सनद गावात राहणाऱ्या गुरुप्रसाद इंजिनियरांनी झुरिकच्या मेव्हण्यासाठी मेतकुटाचा डबा दिला. पुढची गर्दी शिस्तीत व्हावी म्हणून ओळखीच्यांत सगळ्यांत वडील असलेल्या जमालुद्दीनचाचांच्या अध्यक्षतेखाली 'युरोपगामी सामान समन्वय समिती' स्थापन झाली. जोडप्याच्या कपड्यांची युरोपात कुणीही वाट पाहत नसल्याने ते दुय्यम समजण्यात यावेत, असा ठराव समितीने एकमताने केला. आपलं कुणी राहत नसल्यामुळे पॅरिस वगळण्यात आलं.

"पण चाचा, तिथला तो मनोरा..." तय्यबा म्हणाली.

"मनोऱ्याला काय पोचवायचंय?" चाचांनी विचारलं.

फ्रँकफर्टला कस्टमच्या अधिकाऱ्याने जवळ्याची पिशवी उघडली, एक खोल श्वास घेतला, मागे सरला आणि दोघांना ताबडतोब देशात प्रवेश दिला. भाड्याची गाडी लहान निघाली. डिकी भरली, मागची सीट भरली. बरणी आडवी ठेवली तर तेल सांडणार, म्हणून सिराजने ती पुढच्या सीटवर उभी केली आणि तिला पट्टा बांधला.

"आणि मी?"

"अगो, रशीदाच्या घरापर्यंतच. अमानत हाय."

तय्यबा जवळ्याला खेटून बसली. जर्मनी तिने नवऱ्याच्या मानेमागून पाहिला.

रशीदाने रडत मिठी मारली, लोणचं काढून घेतलं. तय्यबा पळत जाऊन पुढे बसलीसुद्धा. तोच रशीदा बरणी घेऊन मागोमाग आली.

"भाभी, खालाचं भांडं रिकामं कसं पाठवू? आलुबुखारचा मुरंबा घातलाय. आणि तुम्ही बाझलवरूनच जाणार ना? आमच्या सासऱ्यांना तिथं त्यांच्या लेकीकडं सोडा. फक्त त्यांना मागं बसलं की गरगरतं."

दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर सासरे होते आणि सासऱ्यांच्या मांडीवर बरणी. बाझलला सासरे उतरले, बरणी उतरली नाही; तिला पुन्हा पट्टा बांधला गेला. लेकीने वडिलांच्या बदली चीजचा गोळा चढवला. झुरिकच्या मेव्हण्याने मेतकुटाचा डबा चॉकलेटांनी भरला आणि वर एक कुकू घड्याळ दिलं, ते दर तासाला जवळ्याखालून ओरडू लागलं. माल पोचवला की कमी होत नाही, वाढतो, हे खात्यात इतकी वर्षं काढून सिराजला कळलं नव्हतं, ते तिथं कळलं.

तिसऱ्या दिवशी एका वळणावर तळं लागलं. त्यात अख्खा डोंगर उलटा पडला होता.

"थांबवा," मागून आवाज आला. सिराजला आधी वाटलं घड्याळच बोललं.

तय्यबा उतरली. पुढचं दार उघडून तिने बरणीचा पट्टा सोडला, बरणी मांडीवर घेतली, सीटवर ऐसपैस बसली आणि मुरंब्यात बोट घातलं.

"अगो, अमानत!"

"चाखून बघा. खराब निघाला तर खालाला काय तोंड दाखवणार?"

तर्क बिनतोड होता. दोघांनी मिळून तपासणी केली. ती बरणीच्या तळापर्यंत गेली.

"खलास," सिराज बोट चाटत म्हणाला, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग दोघांना एकदम आठवलं. खालाची बरणी रिकामी! तय्यबाने ती तळ्यात बुडवली, झाकण घट्ट लावलं, पायाशी ठेवली. "यल्ला, चला," ती म्हणाली. समोर नुसता रस्ता होता. कुणाची मान नव्हती.

बहारीनला खालाने ते पाणी "रशीदानं एवढ्या लांबून पाठवलंय, उगाच नसेल" म्हणून गुडघ्याला चोळलं. गुडघा दुखायचा थांबला. समितीची तातडीची बैठक भरली आणि युरोपला जाणाऱ्या प्रत्येकाने सदर पाण्याचा एक कॅन आणणं बंधनकारक ठरलं.

पुढच्या उन्हाळ्यात नजीब बायकोला घेऊन निघाला. त्याच्या दारात पहिला कॅन पोचला तो तय्यबाचा.

"जरासंच हाय," ती नजीबच्या बायकोला म्हणाली. "भरल्यावर उभाच ठेव हां. पुढच्या सीटवर."

आपल्या कपाटातही कुणीतरी परदेशातून आणून दिलेली एखादी वस्तू असेलच. ती जरा बाहेर काढून पुसा. आणणाऱ्याची बायको कुठं बसली होती, हे विचारायचं आपल्याकडून राहूनच गेलं, नाही का?