घडी घालू नये

जीवशास्त्राच्या बाईंची नोकरी कायम होणं एका शेऱ्यावर अडलं होतं. शेरा तपासणी अधिकारी देणार होते, तोही वर्गातलं शैक्षणिक साहित्य पाहून. म्हणून मुलांनी तार आणि जुनी बटणं घेऊन प्रथिन बनवलं. एकेक बटण म्हणजे एकेक अमिनो आम्ल. तार वळवली, पिळली, दुमडली; मधोमध एक खोबण तयार झाली. तिच्यात लिमलेटची गोळी टच्च बसे.

"गोळी म्हणजे साखर," तपासणीच्या दिवशी बाई म्हणाल्या. "खोबणीत आली की प्रथिन तिचे तुकडे करतं. सगळी करामत घडीची."

अधिकाऱ्यांनी कान टवकारले. "याला घडी घातलीय?"

"हो साहेब. प्रथिनाला घडी असतेच."

"शैक्षणिक साहित्यास घडी घालू नये, असा नियम आहे."

मुख्याध्यापक खाकरले. "तो नकाशांसाठी असावा, साहेब. घडीवर फाटतात ना ते."

"नियमात नकाशा हा शब्द आहे?"

नव्हता.

"मग उलगडा."

(येथे घडी घालू नये.)

तार उलगडली. गोळी घरंगळली. अधिकाऱ्यांनी ती सुटं साहित्य म्हणून ताब्यात घेतली आणि तोंडात टाकली. त्यांच्या पोटात नियमबाह्य घडीची प्रथिनं तिची वाटच पाहत होती.

सरळ झालेलं प्रथिन फळ्यापासून निघून दाराबाहेर गेलं, व्हरांडा ओलांडून मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरलं आणि त्यांच्या खुर्चीखाली थांबलं. शिपाई पाय अडकून दोनदा पडला. अधिकारी मात्र प्रसन्न दिसले. इतकं सरळ साहित्य त्यांनी पाहिलं नव्हतं.

मागच्या बाकावरच्या बडबड्या मुलीने हात वर केला. "बाई, आता हे काम कसं करणार?"

"काम?" उत्तर अधिकाऱ्यांनी दिलं. "साहित्याने काम करावं असं कुठे म्हटलंय? असलं की झालं."

(येथेही नाही.)

"साहेब," बाई म्हणाल्या, "घडी मोडली की प्रथिन मेलं. अंडं उकडल्यावर पांढरं होतं ना, ते तेच. मी मुलांना मेलेलं प्रथिन जिवंत म्हणून कसं शिकवू?"

अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण काढलं होतं. ते परत लावलं.

तेवढ्यात बडबडी पुन्हा उठली. "साहेब, मग हाताची घडी?"

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. अख्खी शाळा त्या एका घडीवर उभी होती.

"ती चालेल," अधिकारी म्हणाले. "पण नुसती नाही. तोंडावर बोट असेल तरच."

सगळ्या मुलांनी हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं. बडबडीनेही. बाई तेवढ्या उभ्या होत्या, तोंड अर्धवट उघडं. त्यांनी पेनकडे पाहिलं. मग हळूच हाताची घडी घातली. मग बोट.

टोपण निघालं.

शेरा: साहित्य सरळ. वर्ग शांत. बाई कायम.

(वाचकहो, 'प्रथिने शरीराची झीज भरून काढतात' हे वाक्य तुम्हालाही पाठ आहे. त्याचे गुणही मिळाले होते. ती झीज प्रथिनं कशी भरून काढतात, हे तुम्ही कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी बोट काढावं लागलं असतं.)