तात्यांची हाळी

आमचे शेजारी तात्या दिवसभर अंगणात उभे राहून ओरडतात. शब्द एकच, "पडतोय!" त्यांच्या कुंपणापलीकडे गोदामाच्या पायासाठी पायलिंगचं यंत्र लागलंय. त्याचा अवजड हातोडा तारेच्या दोराने सावकाश वर चढतो, टोकाशी क्षणभर थांबतो. तो सुटायच्या आत तात्यांची हाळी उठते. मग हातोडा पडतो आणि आमच्या मांडणीतली भांडी खणखणतात.

आमच्या कशेळी गावची जमीन खाडीची. वर चिखल, खाली आणखी चिखल, कठीण थर फार खोल. गोदामाचा भार तिथवर पोचवायचा म्हणून लोखंडी नळी ठोकून ठोकून खाली घालवतात. कितीही ठोकली तरी हलेना, की थांबतात. आत सळ्यांचा सांगाडा सोडून काँक्रीट ओततात आणि नळी वर ओढून घेतात. झाला एक खांब. असे किती, असं विचारलं तर सुपरवायझर म्हणतो, "गोदाम मोठं आहे." जणू आमची घरं लहान आहेत हा आमचाच गुन्हा.

तात्या यंत्राला 'जावई' म्हणतात. "दारात बसलाय, डिझेल पितोय, आन् बोलायची सोय न्हाय." नळीचं डोकं चेपू नये म्हणून त्यावर लाकडी ठोकळा ठेवतात. तो पाहून तात्यांनी सुपरवायझरला गाठलं. "लोखंडाला लागंल म्हनून लाकूड ठेवता. आमच्या घराला लागतंय, तिथं काय ठेवलंय?"

"काका, कानात कापूस घाला."

"घराच्या कानात?"

पुढच्याच आठवड्यात सुपरवायझर स्वतः तक्रार घेऊन आला. तात्यांच्या ओरडण्याने म्हणे कामगारांचं लक्ष उडतं. अख्खी आळी हादरवणाऱ्या माणसाला एका म्हाताऱ्याच्या आवाजाचा त्रास होत होता. तात्यांनी शांतपणे विचारलं, "कापूस संपला काय तुझा?"

आळीत तडा न गेलेलं घर उरलं नव्हतं. मी पत्रक लिहून घरोघर वाटलं. सगळ्यांनी कचेरीवर जायचं, काम बंद पाडायचं. तात्यांचं घर यंत्राच्या सगळ्यात जवळ, त्यात काकू अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या, बोलणं गेलेलं. तात्या सगळ्यांच्या पुढे हवेत. ते म्हणाले, "तुमी जा. मला हितं काम हाय."

"कसलं? ओरडायचं?"

"व्हय."

माझं डोकंच फिरलं. आम्ही त्यांच्याशिवाय गेलो. साहेब जागेवर नव्हते. शिपायाने पत्रक घेतलं आणि आमच्यादेखत त्यावर चहाचा कप ठेवला. तो संताप कुणावर तरी काढायचाच होता, म्हणून परतल्यावर थेट तात्यांच्या घरात शिरलो.

तात्या अंगणात होते. आत खिडकीशी काकूंची खाट. बाहेरून "पडतोय!" आलं. काकूंनी डोळे मिटले, चालत्या हाताने खाटेची कड धरली. ठोका बसला, भिंतीची माती सांडली. काकूंनी डोळे उघडले. दचकलो होतो तो मी.

जेवणाच्या सुट्टीत यंत्र थांबलं तेव्हा तात्या आत आले आणि काकूंना पेज भरवायला बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पयल्या दिशी दर ठोक्याला अंग ताठ व्हायचं तिचं. घास अडकायचा. आता आधी कळतं."

"शेलार गावाला लेकीकडे न्या ना यांना."

"नेलं हुतं. सारखी दाराकडं बघायची. आनली परत."

साइटवरच्या माणसांना शिट्टी वाजवून सावध करतात, डोक्यावर टोप्या देतात. ते व्हायलाच हवं. पण कुंपणाच्या अलीकडे माणसं राहतात हे कुणाच्या नकाशात नव्हतं. ते काम एक म्हातारा घसा फोडून करत होता, आणि तक्रार त्याच्यावर होती. मी त्याच दिवशी दुसरं पत्रक लिहायला घेतलं.

ते पुरं व्हायच्या आत, एका सकाळी तात्या माझ्या दारात आले. आवाज पार बसला होता. नुसती हवा निघत होती. "आज तू ये."

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. हातोडा वर चढला. सुपरवायझर, साहेब, तो चहाचा कप, सगळं आठवून मी यंत्राच्या अंगावर ओरडलो.

तात्यांनी खांद्यावर हात ठेवला. "असं न्हाय रं. ती भिईल. तिला सांगतोस ना, तसं सांग."

दोर पुन्हा ताणला जात होता. मी यंत्राकडे पाठ केली, खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणालो, "काकू, पडतोय."